गिरणीचा भोंगा आणि शाळेची घंटा

आमचा नातू नववींत शिकतो. गेल्या महिन्यांत एके दिवशीं दिवेलागणीच्या वेळीं तो इतिहासाचें पुस्तक घेऊन ओसरीवर आमच्याजवळ येऊन बसला. धडा होता इंग्लंडांतील औद्योगिक क्रांतीचा. वाफेचें यंत्र, सूत कातण्याचे नवे शोध, गिरण्यांतून राबणारीं लहान लहान मुलें, आणि त्या मुलांच्या कैवारासाठीं उभे राहिलेले थोर पुरुष, अशी सर्व हकीकत त्यानें घडाघडा म्हणून दाखविली. रॉबर्ट ओवेन, लॉर्ड शाफ्ट्सबरी, १८३३ चा कायदा, १८४७ चा कायदा. एकही सन चुकला नाहीं. आम्ही संतुष्ट होऊन पाठ थोपटणार, तोंच त्यानें विचारलें, "आजोबा, सोलापुरांत एवढ्या गिरण्या होत्या म्हणतां. मग आपल्याकडेही अशीं मुलें असतील ना? त्यांच्यासाठीं कोण भांडलें?"

आम्हीं आयुष्याचीं पस्तीस वर्षें शाळेंत घालविलीं. विषय संस्कृत व मराठी. पण अडल्यानडल्या वेळीं इतिहासाचा तासही घेत असूं, आणि हाच धडा आम्हीं कितीदां तरी शिकविला असेल. हा प्रश्न मात्र कोणा विद्यार्थ्यानें कधीं विचारला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही कधीं सुचला नाहीं. गंमत अशी कीं, आमचें घर व शाळा दोन्ही गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यांत. लहानपणीं पहाटेचा भोंगा झाला कीं आई चुलीवर आधण ठेवी, आणि वडील भिंतीवरचें घड्याळ त्यावर जुळवून घेत. तो भोंगा आमच्या घड्याळासाठीं वाजत नसून कोणा दुसऱ्यासाठीं वाजतो, हा विचार घरांत कधीं निघाल्याचें स्मरत नाहीं.

"उद्यां सांगतों," असें म्हणून त्या रात्रीं वेळ मारून नेली. तें 'उद्यां' उगवावयास तीन आठवडे लागले. त्या अवधींत जें वाचलें व आठवलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम इंग्लंडचें पाहूं. पाठ्यपुस्तकांत थोर पुरुषांचीं चरित्रें अशीं एकापुढें एक मांडलेलीं असतात कीं, जणू त्यांनीं हांक मारली आणि समाज जागा झाला. प्रत्यक्षांत ही जाग यावयास अर्धें शतक लागलें. १८०२ सालचा पहिला कायदा थोरला रॉबर्ट पील यानें आणला. तो स्वतः गिरणीमालक होता. पण तो कायदा अनाथगृहांतून गिरण्यांत धाडलेल्या उमेदवार मुलांपुरताच होता, आणि तपासणीची धड व्यवस्था नसल्यामुळें बहुतांशीं कागदावरच राहिला. त्याच सुमारास, १८०० सालीं, रॉबर्ट ओवेन हा दुकानांतील नोकरीपासून वर चढलेला तरुण स्कॉटलंडांत न्यू लॅनार्क येथील गिरण्यांचा कारभार पाहूं लागला. मनुष्याचा स्वभाव त्याच्या परिस्थितीनें घडतो, तेव्हां परिस्थिति सुधारली कीं मनुष्य सुधारेल, हें त्याचें मत. आज हें कोणासही नवें वाटणार नाहीं. परंतु दारिद्र्य हें तिकडे आळसाचें व आपल्याकडे पूर्वकर्माचें फळ मानलें जाण्याचा तो काळ. ओवेननें दहा वर्षांखालील मुलांस कामावर घेणें बंद केलें, त्यांच्यासाठीं १८१६ सालीं शाळा उघडली, आणि अमेरिकेंतून कापूस येणें एकदां थांबलें तेव्हां चार महिने यंत्रें बंद ठेवून मजुरांस पुरा पगार दिला. इतकें करून गिरणी नफ्यांत चालली. त्याचे भागीदार मात्र त्याच्यावर नेहमींच कुरकुरत असत.

पुढें १८३० सालीं रिचर्ड ओस्टलर यानें वृत्तपत्रांत पत्र लिहून विचारलें कीं, परदेशांतील गुलामांसाठीं अश्रू ढाळणाऱ्या यॉर्कशायरच्या सज्जनांस आपल्याच गांवच्या गिरण्यांतील गुलाम मुलें दिसत नाहींत काय? १८३२ सालीं सॅडलरच्या समितीपुढें मजुरांच्या साक्षी झाल्या, आणि १८३३ सालीं कायदा आला. नऊ वर्षांखालील मुलांस कापडगिरण्यांत (रेशमाच्या गिरण्या वगळून) मनाई. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस आठवड्यांत ४८ तासांपेक्षां अधिक काम नाहीं. रोज दोन तास शाळा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सरकारनें नेमलेले चार तपासनीस. मालकाच्या दाराच्या आंत सरकारचा मनुष्य पाऊल टाकील, ही कल्पनाच त्या काळीं अनेकांस अधर्म वाटली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक नासो सीनिअर यांनीं १८३७ सालीं गणित मांडून दाखविलें कीं, गिरणीचा सारा नफा दिवसाच्या शेवटच्या तासांतून निघतो. तो तास काढला तर धंदा बुडालाच. तास पुढें कमी झाले. धंदा कांहीं बुडाला नाहीं.

त्या शाळांविषयींची एक गोष्ट वाचून मात्र आम्ही जुन्या मास्तरकीस स्मरून खिन्न झालों. तपासनीस लेओनार्ड हॉर्नर यास अशीं हजेरीचीं प्रमाणपत्रें आढळलीं, कीं ज्यांवर शिक्षकानें सहीच्या जागीं फुली मारलेली होती. शिक्षकासच लिहितां येत नव्हतें! कायदा झाला म्हणजे काम झालें असें समजणाऱ्यांनीं ही फुली लक्षांत ठेवावी.

आतां दहा तासांच्या कायद्याचा वाद. त्याचा पुरस्कर्ता लॉर्ड अ‍ॅशले, म्हणजे पुढचा शाफ्ट्सबरी, हा जमीनदार घराण्यांतला. विरोधकांत जॉन ब्राइट. हा गिरणीमालक खरा, पण मोठा उदार गृहस्थ, हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटांत कळकळीनें मांडणारा. असा मनुष्य मुलांचे व बायकांचे तास कमी करण्याच्या विरुद्ध! आणि कायद्याच्या बाजूनें मतें देणाऱ्यांत असे कित्येक जमीनदार, ज्यांच्या स्वतःच्या शेतांवरील मजुरांची स्थिति पाहवत नव्हती. याचें मर्म असें कीं, गिरणीमालकांनीं चळवळ करून १८४६ सालीं धान्यावरील जकात उठविली व जमीनदारांचें उत्पन्न घटविलें. त्याचें उट्टें जमीनदारांनीं १८४७ सालीं दहा तासांच्या कायद्यानें काढलें. अ‍ॅशलेची करुणा खरी होती, यांत संशय नाहीं. पण नुसत्या करुणेनें मतें गोळा होत नसतात.

सांख्यांचा अंधपंगुन्याय वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. आंधळ्यास चालतां येतें पण वाट दिसत नाहीं. पांगळ्यास वाट दिसते पण चालतां येत नाहीं. म्हणून आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघे मुक्कामास पोंचतात. करुणा ही पांगळी आहे आणि स्वार्थ हा आंधळा. इंग्लंडांत हे दोघे योगायोगानें एकत्र आले. आमच्याकडे काय झालें, तें याच दृष्टीनें पाहावयाचें आहे.

मुंबईंत पहिली कापडाची गिरणी १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं स्थापिली. पुढच्या वीस वर्षांत त्या इतक्या वाढल्या कीं लँकेशायरच्या मालकांची झोंप उडाली. सोलापुरास आगगाडी आधींच आली होती. येथें मुंबईचे शेट मुरारजी गोकुळदास यांची गिरणी १८७७ सालीं चालू झाली, तीच आपली 'जुनी मिल'. विजेचे दिवे नव्हते, तेव्हां गिरणीचा दिवस म्हणजे सूर्याचा दिवस: उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. उन्हाळ्यांत दिवस मोठा म्हणून काम मोठें. मालक मुंबईचा, तेव्हां तेथील शिरस्ताच इकडे आला असला पाहिजे.

या गिरण्यांतील मुलांचा प्रश्न पार्लमेंटांत प्रथम मांडणारांत तोच वृद्ध शाफ्ट्सबरी होता. १८७५ सालीं व पुन्हां १८७९ सालीं तो उमरावांच्या सभेंत हिंदी गिरण्यांविषयीं बोलला. त्याच्या मागें लँकेशायरही उभें होतें. पण त्यास मुलांची काळजी नव्हती. मुंबईचें सूत स्वस्त पडतें, तें महाग व्हावें, एवढाच त्याचा हेतु. हेंच लँकेशायर हिंदुस्थानांत येणाऱ्या विलायती कापडावरील जकात उठविण्यासाठीं झटत होतें, आणि १८८२ सालीं ती उठलीही. पुढें १८९६ सालीं तर आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसविण्यांत आला. तेव्हां कारखान्यांच्या कायद्याचें नांव निघतांच पुण्या-मुंबईच्या राष्ट्राभिमानी पत्रांपैकीं बहुतेकांनीं "हें लँकेशायरचें कपट आहे" असें म्हटलें, यांत आश्चर्य नाहीं. तें म्हणणें खोटेंही नव्हतें.

पण अर्धवट खरें म्हणणें हें कधीं कधीं पुऱ्या असत्याहून घातक ठरतें. कपट लँकेशायरचें होतें. सात वर्षांचें पोर मात्र आपलें होतें. मुंबई सरकारनें १८७५ सालीं नेमलेल्या आयोगांत बहुमतानें ठरलें कीं कायद्याची गरज नाहीं. आमचे सुशिक्षित वाडवडील स्वदेशी धंद्याच्या प्रेमानें त्याच बाजूस उभे राहिले. ब्राइटसारखीच त्यांची गत झाली: मनानें उदार, पण या एका ठिकाणीं डोळ्यांवर पट्टी. त्यांची निंदा करण्याचा आमचा उद्देश नाहीं. त्या वेळीं आम्ही असतों तर आम्हींही तसाच लेख लिहिला असता, आणि त्यास दोन संस्कृत वचनांची जोड दिली असती.

पट्टी नसलेलेही कांहीं होते. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनीं १८७८ सालीं स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला. शेवटीं १८८१ सालीं पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस मनाई, सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तास काम, आणि तेंही शंभर माणसांहून लहान कारखान्यांस लागू नाहीं. प्रौढ स्त्रियांविषयीं व पुरुषांविषयीं एक अक्षर नाहीं. इंग्लंडांत १८३३ सालीं जेवढें मिळालें होतें, तेवढेंही नाहीं.

येथें आमच्या नातवाच्या प्रश्नाचें उत्तर येतें. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाणें. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, प्रथम रेल्वेंत व टपालखात्यांत नोकरी, नंतर मुंबईच्या मांडवी येथील गिरणींत भांडारपाल. जोतीराव फुल्यांचे अनुयायी, आणि १८८० पासून 'दीनबंधु' पत्राचे चालक. गिरणीच्या आंत पगारी नोकर म्हणून वावरल्यामुळें भोंग्याचा अर्थ त्यांस पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईस मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यांतील मागण्या आज वाचतांना मन संकोचतें, इतक्या त्या साध्या आहेत. आठवड्यांतून एक दिवस सुटी. दुपारीं अर्धा तास विश्रांति. सकाळीं साडेसहास काम सुरू व्हावें व सूर्यास्तास थांबावें. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी हातीं पडावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, आणि जन्माचा पंगु झाल्यास पोटाची सोय. बस्स.

सहा वर्षें कोणी दाद घेतली नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार मजूर जमले. त्या सभेंत दोन कामकरी स्त्रिया बोलल्या, ही गोष्ट मुद्दाम सांगतों. कारण त्या काळीं आमच्या घरांतील स्त्रियांनीं चारचौघांत बोलावें कीं नाहीं, यावर आम्ही मोठमोठे वाद घालीत होतों. १० जून १८९० रोजीं मालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. हल्लीं असें म्हणण्याची पद्धत पडली आहे कीं, आपणां सर्वांस रविवारची सुटी लोखंड्यांनींच मिळवून दिली. तें तितकेंसें बरोबर नाहीं. सरकारी कचेऱ्यांस ती पूर्वींपासून होती. ज्यांस ती नव्हती त्यांस ती त्यांनीं मिळवून दिली, आणि हें श्रेय कांहीं लहान नाहीं. रविवार हा खंडोबाचा वार, हाही एक मुद्दा त्यांनीं मांडल्याचें सांगतात. बाळ्याच्या खंडोबास रविवारीं जाणाऱ्या सोलापूरकरास तो पटावयास वेळ लागणार नाहीं. १८९१ सालीं कायदा सुधारला: मुलांचें किमान वय नऊ, मुलांचे तास सात, स्त्रियांचे अकरा, आणि आठवड्याची सुटी सर्वांस. लोखंडे १८९७ सालीं प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतांना त्याच रोगानें गेले. वय अवघें एकोणपन्नासच्या आंत.

हें नांव आमच्या घरांत आम्हीं लहानपणीं ऐकलें नाहीं. शाफ्ट्सबरीचें ऐकलें होतें.

सोलापूरचा पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. जुन्या मिलमागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या निघाल्या. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं हातमाग वाढविले. गांव कापडाचें झालें. १९४९ च्या ऑगस्टांत जुनी मिल मालकांच्या कारभारामुळें बंद पडली, आणि १९५० च्या जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला. भागीदार नव्या सर्वोच्च न्यायालयांत गेले. १९५० च्या डिसेंबरांत एकाचा अर्ज बहुमतानें फेटाळला गेला. १९५३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं, मोबदला न देतां ताबा घेणें राज्यघटनेस धरून नाहीं. १८३३ सालीं तपासनिसानें दारांत पाऊल टाकावें कीं नाहीं, हा जो वाद होता, तोच आमच्या गांवच्या गिरणीवरून दिल्लींत झाला. कायद्याचे विद्यार्थी ते निकाल आजही वाचतात. मिल मात्र पुढें कायमची बंद पडली, आणि नव्वदीनंतर इतरही मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले.

भोंगे थांबले म्हणून मुलें कामावरून सुटलीं असें नाहीं. येथें आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

१९८७-८८ च्या सुमारास आमच्या आठवीच्या वर्गांत पूर्वभागांतील एक मुलगा होता. संस्कृताचा तास पहिला. हा मुलगा रोज झोंपत असे. आम्ही त्यास उभा करीत असूं, अंगठे धरावयास लावीत असूं, आणि एकदां, लिहावयास लाज वाटते, छडीही मारली. दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेच्या दारांत आली. ती रागावलेली नव्हती. म्हणाली, "सर, मारू नका त्याला. पहाटं तीनला उठून कांड्या भरतंय ते." बाप एका यंत्रमागाच्या कारखान्यांत कापडाच्या वारावर काम करी, कांड्या भरावयास वेगळा माणूस ठेवणें परवडत नसे, म्हणून आई व मुलगा घरीं कांड्या भरून देत. आम्हीं तिला काय सांगितलें? "बरें, बघतों." आणि पाहिलें तें एवढेंच कीं, त्यास शेवटच्या बांकावर बसविला व झोंपूं दिला. नववींत तो नापास झाला व शाळा सुटली. मुख्याध्यापकांस सांगून त्याचा संस्कृताचा तास दुपारीं घेतां आला असता, किंवा संध्याकाळीं घरीं बोलावून शिकवितां आलें असतें. आमच्या ओसरीवर जागा नव्हती असें नाहीं. हॉर्नरला सांपडलेल्या त्या फुलीवर आम्हीं वर हंसूं पाहत होतों. पण आम्हांस तर लिहितां येत होतें, आणि त्या मुलाची हजेरी आम्ही रोज न चुकतां लिहीत होतों.

त्या वेळीं १९८६ चा बालकामगारांचा कायदा नुकताच झाला होता. त्यांत विणकाम मुलांस वर्ज्य होतें. पण घरच्या माणसांच्या मदतीनें चालणाऱ्या कारखान्यास सूट होती. २०१६ सालीं तो सुधारला. चौदा वर्षांखालील मुलांस आतां सर्वच धंदे वर्ज्य; परंतु शाळेच्या वेळेबाहेर व सुटींत घरच्या धंद्यास मदत केलेली चालते, धोक्याचें काम नसलें म्हणजे झालें. सूट देणारांचें म्हणणें असें कीं, मुलानें बापाची कला शिकावी. ऐकावयास तें गोड लागतें, आणि वेदपाठशाळेंतून निघालेल्या घराण्यांत जन्मलेल्या आमच्यासारख्यास तें पटावयासही हवें. पण पहाटे तीन हाही शाळेच्या वेळेबाहेरचाच काळ आहे. त्या मुलाचा माग बापाचा नव्हता, सूत बापाचें नव्हतें, कापडही नव्हतें; घरचा होता तो कांड्या भरणारा हात तेवढा.

दुसऱ्याच्या घराकडेच बोट दाखवून थांबणें बरें नव्हे. आमच्या वाड्यांत धुणेंभांडीं करणारी बाई आजारी पडली कीं तिची दहा वर्षांची मुलगी येई. वहिनी तिला पोटभर जेवूं घालीत, सणाला परकर शिवीत, आणि आम्हीं सर्वांनीं तें आपलें औदार्य समजण्याची संवय लावून घेतली होती. २००६ च्या ऑक्टोबरांत घरकामास मुलें ठेवण्यास मनाई झाली, तेव्हां घरांत प्रथम उमटलेला उद्गार असा: "आतां सणासुदीला कोण येणार?" सीनिअर प्राध्यापकांच्या शेवटच्या तासासारखाच तो होता. सण झाले. सुना आल्या, मुलांनीं ताटें उचललीं.

आमच्या नातवास हें सारें तीन संध्याकाळीं सांगितलें. मधूनच तो विचारी, "मग शाफ्ट्सबरी चांगला कीं वाईट?" त्याचें उत्तर आम्ही "चांगला" असेंच दिलें. ज्या खांद्यावर तो बसला होता, त्याची चौकशी निराळी. लोखंड्यांचें नांव त्यानें वहींत लिहून घेतलें, 'मेघाजी' हें दोनदां विचारून. मग पेन्सिल थांबवून म्हणाला, "आजोबा, हें परीक्षेंत आलें तर?"

"येणार नाहीं," आम्हीं सांगितलें.

त्यानें वही मिटली नाहीं. थोडा वेळ थांबून विचारलें, "आणि त्या मुलाचें नांव काय होतें? शेवटच्या बांकावरच्या?"

तें आम्हीं त्यास सांगितलें. येथें लिहीत नाहीं.